वावरातल्या कामाला बॅटरीची ड्रिल परवडते का?

घाटंजीचा फिटर

नमस्कार मंडळी. घाटंजी तालुक्यात टिनाचे शेड, गुरांचे कोठे, घरकुलाच्या खिडक्या-दरवाजे अशी फिटिंगची कामं करतो. आतापर्यंत ड्रिल वायरची अन ग्राइंडरही वायरचाच. अडचण अशी की निम्म्याहून जास्त कामं वावरात असतात. वावरातली थ्री फेज लाईट कधी दिवसा, कधी रात्री, आठवडा बदलला की पाळी बदलते. मोटारीच्या पेटीतून वायर ओढावी तर शेतकऱ्याला ओलीत थांबवावं लागते. त्यातून दोनशे-अडीचशे फूट वायर ओढली की ड्रिलमध्ये जोरच राहत नाही. जनरेटर आणला तर भाडं अन पेट्रोल दोन्ही माझ्याच अंगावर.

यवतमाळला चौकशी केली. नावाजलेल्या कंपनीचा १८ व्होल्टचा ड्रिलचा सेट, दोन लहान बॅटऱ्या अन चार्जर धरून, साडेतेरा हजार सांगतात. ऑनलाइन '४८ व्हीएफ' लिहिलेली तशीच दिसणारी मशीन दोन बॅटऱ्यांसकट तीन हजारात आहे. वायरची चांगली ड्रिल अडीच हजारात येते. म्हणजे एका सेटच्या पैशात वायरच्या पाच ड्रिल. घरचे म्हणतात, कापूस विकला की पाहू. पण ४८ वाली तीन हजारात अन १८ वाली साडेतेरात, हे गणित मले काही समजून नाही राहिलं. ज्यांनी वापरली त्यांनी सांगा. बॅटरी किती टिकते? अन ग्राइंडर पण बॅटरीचाच घ्यावा का?

वरूडची संत्रा बागायतदार

दादा, शेडचं मला काही माहीत नाही, पण बॅटरीवरची कैची आम्ही वापरतो म्हणून लिहिते. आंबिया बहराची तोडणी संपली की झाडातली सल काढावी लागते. हातकैचीने दुपारपर्यंत बायांचे पंजे आखडून जायचे, संध्याकाळी भाकर थापायला बोटं वळत नसत. आता अंगठ्याएवढी वाळलेली फांदी एका दाबात तुटते. त्या दिवसांत मजूर मिळतच नाही, म्हणून कैचीचे पैसे मी मजुरीत मोजते आणि मला ते जड वाटले नाहीत. फक्त मोकळा हात पात्यापासून वीतभर लांब ठेवायचा, हे बायांना रोज सकाळी सांगते. कैचीला फांदी काय अन बोट काय.

माझाही एक प्रश्न आहे. फवारणी पंपाची बॅटरी आमच्याकडे वर्ष-दीड वर्षात बसते. हंगाम संपला की पंप कोठ्यात टांगतो, पुढच्या जुलैत काढला की तो चालत नाही. कैचीच्या बॅटरीचंही तसंच होणार का?

सिंदेवाहीचा फॅब्रिकेटर

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला अन वाटलं, सविस्तर लिहिलंच पाहिजे. मी सिंदेवाहीकडचा. बांधीतलं (धानाच्या वावरातलं) तणसाचं शेड, जंगलाला लागून असलेल्या धानाले रानडुकराची जाळी, झटका मशीनचे खांब, सोलर पंपाचे स्टँड, हीच माझी कामं. लाईट नाही अशाच जागी जास्त जाणं होते. माझ्याकडे बॅटरीची ड्रिल आहे, बॅटरीचा इम्पॅक्ट (ठोके देत स्क्रू-बोल्ट आवळणारी मशीन) आहे अन ग्राइंडर वायरचा आहे. तुम्हालेही हेच सांगीन.

पहिले ते ४८ चं पाहू. लिथियमचा एक सेल ३.६ व्होल्टचा, पूर्ण भरला की ४.२. असे पाच सेल ओळीने जोडले की १८ व्होल्ट होतात अन काठोकाठ भरल्यावर २१. म्हणून १८ व्होल्ट, २० व्होल्ट मॅक्स अन २१ व्होल्ट ही एकाच पाच सेलांची तीन नावं आहेत. डिवॉल्ट अमेरिकेत ज्याला २० व्होल्ट मॅक्स म्हणते तेच युरोपात १८ व्होल्ट म्हणून विकते. '४८ व्हीएफ', '८८ व्हीएफ' लिहिलेली मशीन उघडली तरी आत बहुतेक वेळा तेच पाच सेल निघतात. तो आकडा व्होल्टचा नाहीच, फक्त डब्यावर छापलेला आहे. भाव ठरतो तो आतल्या सेलच्या दर्जावर अन संख्येवर.

आता खर्च. मशीनच्या किमतीवर अडकू नका, बॅटरीचा भाव काढा. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास केलं की बॅटरीत किती वीज मावते ते कळते. १८ व्होल्ट, ४ अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे ७२ वॅट-तास. चार्जरमधली गळती धरली तरी एका चार्जिंगला युनिटचा दहावा हिस्सा लागते, रुपयाच्या आत काम. पण तीच बॅटरी इकडे सहा-साडेसहा हजाराला पडते. चांगल्या सेलची बॅटरी पाचशेक चार्जिंग काढते असं धरलं तर एका चार्जिंगला तेरा रुपये पडले. उन्हात मारली अन अडीचशेवरच बसली तर सव्वीस. हा खरा खर्च. विजेचा खर्च त्याच्यापुढे काहीच नाही. एका चार्जिंगमध्ये टिनाचे दोनशेच्या आसपास स्क्रू लागतात. लहान जनरेटर तासाला अर्धा लिटर पेट्रोल पितो, म्हणजे पन्नास रुपयांच्या वर, शिवाय भाडं अन त्याले नेण्या-आणण्याची गाडी. या हिशोबात ड्रिल अन इम्पॅक्ट बॅटरीचे नक्की परवडतात.

ग्राइंडरचं गणित उलटं आहे. चार इंची ग्राइंडर अँगल कापताना सहाशे-सातशे वॅट ओढतो. ७२ वॅट-तासाच्या बॅटरीवर तो दाबून चालवला तर सात मिनिटं. त्या सात मिनिटांत बॅटरी एवढी तापते की चार्जर लगेच घेत नाही. मग चार-पाच मोठ्या बॅटऱ्या पाहिजेत, म्हणजे पंचवीस-तीस हजार नुसते बॅटरीत गेले. त्यापेक्षा माप घेऊन या अन सगळं कापणं, वेल्डिंग घरी लाईटवर करा. वावरात फक्त भोक अन बोल्ट राहू द्या. टिन जागेवर छाटायचं असलं तर पत्राकात्री पुरते. माझी कामाची पद्धतच बॅटरी आल्यापासून अशी बदलली अन कामही नीट होऊ लागलं, कारण माप आधी पक्कं करावं लागते.

पैशाच्या हिशोबात न बसणारी एक गोष्ट आहे, अन माझ्यासाठी तीच सगळ्यात मोठी. टिनावर चढून वायरची ड्रिल चालवणं. टिनाची धार पात्यासारखी असते. वायर त्याच्यावर घासत राहते, साल निघते, अन पूर्ण छत करंट मारते. आमच्या तालुक्यात एक पोरगा असाच ट्रसवरून (छताच्या लोखंडी सांगाड्यावरून) फेकला गेला. जीव वाचला, पण खांदा कायमचा गेला. पावसाळ्यात बांधीत पाय चिखलात असतात तेव्हा तर विचारूच नका. बॅटरीच्या मशीनने हा धोका जातो. ग्राइंडर वायरचा वापराल तिथं एक्स्टेंशन बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईट आपोआप तोडणारा स्विच) बसवाच. हजार-दोन हजारात येते. ड्रिल आज घ्या की उद्या, तो मात्र आजच घ्या.

ड्रिल का इम्पॅक्ट असं विचाराल तर पहिले ड्रिल घ्या. इम्पॅक्टची ताकद जास्त, १५०-१८० न्यूटन-मीटर, बोल्ट आवळायला अन जाड पाइपात स्क्रू घालायला तो राजा. पण टिनाच्या सेल्फ ड्रिलिंग स्क्रूले नवख्या हातात तो घात करते. स्क्रूखालचं रबर वॉशर पाहत जा. स्क्रू बसला की रबर वरच्या धातूच्या चकतीच्या कडेपर्यंत येऊन जरासं फुगलं पाहिजे, बस. टिनाले खळगा पडला किंवा रबर चिरून बाहेर आलं तर पहिल्या पावसात तिथूनच गळते. त्या खळग्यात पाणी साचून टिन गंजते ते वेगळंच. इम्पॅक्ट टक-टक करत अर्ध्या सेकंदात तिथं पोहोचून जाते. ड्रिलच्या गळ्यावर जे आकड्यांचं कडं असते, ते क्लच, ठरवलेला जोर आला की स्क्रू फिरवणं थांबवते. तो मध्यावर ठेवा, एक-दोन स्क्रू लावून पाहा, वॉशर बरोबर बसलं की तोच आकडा दिवसभर ठेवा. ब्रशलेस मशीन मिळाली तर दोन-तीन हजार जास्त द्या. तिच्यात कार्बन बदलायचं काम नाही अन त्याच बॅटरीवर ती जास्त काम काढते.

आता ऊन. इथं आमची ब्रह्मपुरी, चंद्रपूर मे महिन्यात ४६-४७ पर्यंत जातात, तुमचं यवतमाळही फार मागं नाही. तापल्या टिनावर ठेवलेली बॅटरी हाताले चटका देते. लिथियमले थंडीपेक्षा हाच त्रास इकडे जास्त. बॅटरी गरम असताना चार्जरले लावली तर चांगला चार्जर नुसता दिवा लुकलुकवत थांबते, बॅटरी थंड झाल्याबिगर चार्ज सुरूच करत नाही. लोक समजतात चार्जर बिघडला. तो बिघडला नाही, तो बॅटरी वाचवून राहिला. स्वस्त चार्जरमध्ये ही सोयच बहुतेक नसते. मी बॅटऱ्या जेवणाच्या जाड अस्तराच्या पिशवीत ठेवतो, पिशवी झाडाखाली पाण्याच्या कॅनजवळ, अन एका वेळी एकच बॅटरी वर नेतो. उतरवली की पिशवीत परत, चार्जिंग घरी संध्याकाळी. गाडीच्या डिक्कीत दुपारभर बॅटरी ठेवू नका. ओलं फडकंही गुंडाळू नका, पितळी पट्ट्यांत पाणी जाते.

वरूडच्या ताई, तुमचा प्रश्न फार मोलाचा आहे, कारण दोन्ही बॅटऱ्या सांभाळायची रीत एकमेकींच्या उलट आहे. फवारणी पंपात जुन्या पद्धतीची १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी असली तर ती पूर्ण भरून ठेवावी लागते अन महिन्या-दीड महिन्याने परत चार्जिंगले लावावी लागते. रिकामी टांगली की आत सल्फेट जमून ती मरते. तुमच्या पंपाचं बहुतेक तेच होत असंल. कैचीची लिथियम बॅटरी मात्र अर्धी भरलेली ठेवा, चार दिव्यांपैकी दोन पेटतात तेवढी. पूर्ण भरून उन्हाळाभर ठेवली तर तिची ताकद घटते. पूर्ण रिकामी ठेवली तर सेल इतका खाली जाते की चार्जर तिले ओळखतच नाही. घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात ठेवा, टिनाच्या खोलीत नको. अन मधात कधी थोडी वापरली, थोडी भरली तरी काही बिघडत नाही. पूर्ण संपवूनच चार्ज करायची सवय जुन्या निकेल-कॅडमियमच्या काळातली आहे.

घेताना एकच कंपनी धरा अन तिच्यावरच राहा. बॅटरी अन चार्जर एकदा झाले की पुढची मशीन नुसती, बॅटरीशिवाय मिळते, बरीच स्वस्त पडते. दोन कंपन्यांच्या घेतल्या की चार्जर दोन, पिशव्या दोन अन ऐन वेळी नेमकी दुसरीच बॅटरी हातात. एकाच कंपनीतही पाहून घ्या. बॉशची निळी बॅटरी हिरव्या मशीनले चालत नाही. अन सेट घेताना दोन लहान बॅटऱ्यांऐवजी दोन ४ अँपिअर-तासाच्या (बोलीत नुसतं ४ अँपिअर) मिळतात का विचारा. लहान बॅटरीत पाचच सेल असतात, सगळा जोर त्यांच्यावर येते. चारच्या बॅटरीत बहुतेक दहा असतात, भार वाटला जाते, त्यामुळे ती कमी तापते.

मूर्तिजापूर बॅटरी रिपेअरिंग

सिंदेवाहीच्या काकांचं सगळं बरोबर आहे. मी बॅटऱ्या उघडून दुरुस्त करतो, म्हणून आतलं थोडं सांगतो.

बॅटरी खरी का खोटी हे ओळखायला किराणा दुकानाचा काटा पुरतो. १८६५० नावाचा सेल (१८ मिलीमीटर जाड, ६५ मिलीमीटर लांब) ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. दहा सेल, वरून खोका अन सर्किट धरलं तर ४ किंवा ५ अँपिअरची खरी बॅटरी सहाशे ग्रॅमच्या वर जाते. डब्यावर '६ अँपिअर' लिहिलं अन काट्यावर साडेतीनशे भरली, तर आत पाचच सेल आहेत. या मापाच्या एका सेलमध्ये साडेतीन अँपिअर-तासाच्या फार वर काही मावतच नाही, त्यामुळे पाच सेलांत सहा अँपिअर होऊच शकत नाही. तीन हजारातल्या सेटच्या बॅटऱ्या माझ्याकडे येतात त्यातल्या कित्येकांत असंच निघतं. घरी महिन्यात एखादं भोक पाडायचं असलं तर तेवढी मशीन चालून जाते. धंद्याला नको.

बॅटरी 'मेली' म्हणून येते तेव्हा बहुतेक वेळा पाचपैकी एकच जोडी खाली गेलेली असते. बाकीच्या जोड्या चांगल्या असतात. दुरुस्ती होते, पण सेल जास्त करंट देणारे, एकाच लॉटचे अन सारख्या व्होल्टेजचे पाहिजेत. लॅपटॉपचे किंवा पॉवर बँकचे जुने सेल टाकून देणारे आहेत, त्यांच्याकडे जाऊ नका. ते सेल ड्रिलचा ओढा सहन करत नाहीत, तापतात. पट्टी स्पॉट वेल्डिंगने लावली पाहिजे, थेट सेलवर सोल्डरिंग करणाऱ्याकडून बॅटरी परत घ्या अन घरी या. स्वतः स्क्रू-ड्रायव्हर घालून उघडू नका. शॉर्ट झाली तर ज्वाळा निघते अन ती पाण्याच्या एका तांब्याने विझत नाही.

फिटर दादा, तुमच्या घरात कापूस आहे म्हणता. हात जोडून सांगतो, चार्जर त्या खोलीत लावू नका. कापसाच्या गंजीपासून दूर, फरशीवर किंवा ओट्यावर, माणूस जागा असताना लावा. फुगलेली, पडून तडा गेलेली बॅटरी चार्जच करू नका. अन बाद बॅटरी भंगारवाल्याच्या पोत्यात किंवा उकिरड्यावर नको. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे जुनी बॅटरी गोळा करायची जबाबदारी उत्पादकावर आहे, तेव्हा सर्व्हिस सेंटरवर परत द्या.

घाटंजीचा फिटर

काका, ताई, मूर्तिजापूरवाले भाऊ, तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलं, मनापासून आभार. दुकानदाराने यातलं एकही सांगितलं नव्हतं. कापूस पुढच्या खोलीत अन बोर्डही त्याच खोलीत आहे. आता माजघरात बोर्ड काढून घेतो.

ग्राइंडरचा विचार सोडला. आरसीसीबी उद्याच आणतो. फक्त एक राहिलं. गावात संध्याकाळी लाईट कधी कधी दोन-दोन तास जाते, सकाळी कामावर निघायचं असते. घरच्या इन्व्हर्टरवर चार्जर लावला तर चालंल का? अन शेजाऱ्याचा लहान जनरेटर आहे, त्याच्यावर?

सिंदेवाहीचा फॅब्रिकेटर

जनरेटरवर नको. मकिताच्या चार्जरच्या पुस्तिकेत तर इंजिन जनरेटरवर लावू नका असं स्पष्ट लिहून आहे. लहान जनरेटरचं व्होल्टेज भार बदलला की खालीवर होते अन चार्जर महाग वस्तू आहे.

इन्व्हर्टर साइन वेव्हचा (घरच्या लाईटसारखाच करंट देणारा) असला तर खुशाल लावा, भार एखाद्या पंख्या-दोन पंख्यांएवढाच होते. जुना स्क्वेअर वेव्हचा असला तर काही चार्जर त्याच्यावर गुणगुणतात, तापतात. पहिल्यांदा लावाल तेव्हा हात लावून पाहत जा, नेहमीपेक्षा गरम लागला तर काढून घ्या. पण खरं सांगू का, दोन ४ अँपिअरच्या बॅटऱ्या असल्या की ही वेळ क्वचितच येते. कामावरून आल्यावर अर्धा तास बॅटरी थंड होऊ द्या, लाईट असली की लावा. साध्या चार्जरवरही दीड-दोन तासांत भरते.

बिल घेताना दोन गोष्टी करा. बॅटरीवरची बनवल्याची तारीख वाचा. मले एका दुकानातून सेटमध्ये अशी बॅटरी आली की ती दुकानातच दोन-अडीच वर्षं पडून होती. चार दिवे पेटत, पण दहा-पंधरा स्क्रू लावले की बंद. परत न्यायले गेलो तर म्हणाले, वॉरंटी मशीनची आहे, बॅटरीची मुदत वेगळी. म्हणून दुसरी गोष्ट, मशीन, चार्जर अन दोन्ही बॅटऱ्यांचे सिरीयल नंबर बिलावर लिहून घ्या, अन बॅटरीची वॉरंटी किती महिन्यांची ते तिथंच, त्याच बिलावर, दुकानाच्या शिक्क्यासकट. तो लिहून द्यायले कचरला तर दुसरं दुकान पाहा, यवतमाळले दुकानं कमी नाहीत.

अन ८ एमएमचं मॅग्नेटिक सॉकेट दोन घ्या. एक वरून तणसात पडलं की दिवसभर सापडत नाही.